रॅकला हात लावण्याआधी बुशचे बोल्ट बघा

गाडीच्या पुढून करकर येत असेल तर "लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे) नवीन आहेत, म्हणजे आता आवाज स्टीअरिंग रॅकचाच (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दातेरी दांडा)" असं कुणी म्हणतं, ते पटत नाही. रॅकचा खर्च मोठा, तो सगळ्यात शेवटी. आर्मच्या बुशचे (सांध्यात बसवलेल्या रबरी तुकड्याचे) बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळले असतील तर रबर तिथेच जखडतं. गाडी खाली आली की त्याला पीळ बसतो, ते करकरतं आणि लवकर फाटतंही. बोल्ट ढिले करून, गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा आवळायचे. साताऱ्यात आमच्या मिस्त्रींनी एवढंच केलं, यवतेश्वर घाटातली करकर गेली (मजुरी चहापाण्याइतकी!).

उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग्' वाजत असेल तर मात्र शॉकअपच्या वरचं बेअरिंग तपासा.