क्रँकबेटला बास लागतो पण काठावर येईस्तोवर सुटतो, रॉड बदलू का?

प्लेनोचा_गळ
मंडळी, डॅलसजवळ प्लेनोला असतो, बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायचं वेड लागून दोनेक वर्षं झाली. बोट नाही, लेक लुईसव्हिल आणि रे हबर्डच्या काठावरूनच टाकतो, कधी मित्राची बोट मिळाली तर लेक फोर्क. आत्तापर्यंत प्लास्टिकचे वर्म, म्हणजे नकली गांडूळ वापरायचो, त्यासाठी घेतलेला एकच बेटकास्टर आहे, ७ फुटी मीडियम हेवी फास्ट, वर ३० पाउंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन. यंदा स्क्वेअरबिल क्रँकबेट (गुंडाळली की बुडी मारणारी, माशासारखी कडक लूर म्हणजे नकली आमिष, पुढे चौकोनी ओठ असलेली) टाकायला लागलो आणि काय सांगू, हिट भरपूर येतात, मासा लागतो, रॉड वाकतो, आणि निम्म्या वाटेत एक उडी मारतो, डोकं झटकतो की लूर माझ्याकडे परत आणि बास पाण्यात. गेल्या रविवारी सातपैकी पाच असे गेले, त्यातला एक तर मी पाहिला, चार पाउंडांच्या खाली नव्हता. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणाला अजून स्ट्राँग रॉड घ्या, हेवी. मला ते पटलं नाही, पण नक्की काय घ्यावं तेही कळत नाही. ग्लास, ग्रॅफाइट, कॉम्पोझिट, मॉडरेट, मॉडरेट फास्ट... डोकं फिरलंय. बजेट दीडशे डॉलर, रीळ आहे ते चालवायचंय. आई पुण्याहून आलीय, ती म्हणते पकडून सोडूनच द्यायचा असतो ना, मग आधीच सुटला तर एवढं रडतोस कशाला. तिला काय उत्तर देऊ तेही सुचवा.

जुना_ह्यूस्टनकर
आईंचं बरोबर आहे 😄 पण फोटो काढून सोडणं वेगळं आणि त्याने आपल्याला सोडणं वेगळं.

आता मुद्द्याचं. दुकानातल्या पोराने बरोब्बर उलटं सांगितलंय. वर्मला एकच मोठा जाड गळ असतो, तो माशाच्या तोंडात आरपार घुसवायला ताठ रॉड आणि जोरदार झटका लागतो. क्रँकबेटला दोन ट्रेबल, म्हणजे तीन तीन काट्यांचे छोटे बारीक गळ, ते बऱ्याचदा ओठाच्या कडेला, चामडीत जेमतेम अडकलेले असतात. त्यावर तू ताठ रॉड आणि अजिबात न ताणणारी ब्रेड घेऊन ओढतोस, मग चामडी फाटून भोक मोठं होतं आणि पुढच्या झटक्याला गळ सुटतो. मऊ रॉड असेल तर मासा डोकं हलवतो तेव्हा रॉड त्याच्याबरोबर जातो, परत येतो, लाईन कधी ढिली पडत नाही नि कधी एकदम कडकही होत नाही.

दुसरं एक, जे लोक सांगत नाहीत. मऊ रॉडमुळे तुझा हातच उशिरा पोचतो. हिट कळल्यावर आपण घाबरून ओढतो ना, त्या क्षणी माशाने लूर नीट तोंडात घेतलेली नसते. मऊ रॉड तो अर्धा क्षण देतो. म्हणून क्रँकबेटला झटका मारायचाच नाही, गुंडाळत राहायचं आणि रॉड बाजूला ओढत न्यायचा, बस.

तर मॉडरेट ॲक्शन घे, म्हणजे नुसतं टोक नाही, मधोमधपर्यंत वाकणारा. पॉवर आणि ॲक्शन यात गल्लत करू नकोस, पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे वाकतो कुठून. स्क्वेअरबिल नि डीटी ६ असल्या लहान लूरला ७ फूट मीडियम मॉडरेट पुरे. सहाएक्सडीसारखी एक औंसाची खोल जाणारी लूर टाकायची तर ७ फूट ६ इंच किंवा थोडा जास्तच, मीडियम हेवी, पण मॉडरेटच. लांब रॉडने लांब फेकता येतं आणि लूर तळापर्यंत जाऊन तिथे जास्त वेळ राहते, काठावरून तुला त्याचा एवढा उपयोग नाही. रॉडवर हँडलच्या वर लूरचं वजन छापलेलं असतं ते बघ, दहाएक्सडी दोन औंसाची असते, ती हलक्या रॉडवरून फेकायला जाशील तर रॉडचं आयुष्य कमी.

मिशिगनचा_मावळा
काकांनी सगळं सांगितलं पण मी म्हणतो आधी रॉड घेऊच नकोस. आधी ब्रेड काढ. १२ पाउंडी फ्लुरोकार्बन, म्हणजे न विणलेली एकसंध लाईन भर, वीसेक डॉलरचं काम आहे. फ्लुरो ब्रेडपेक्षा थोडी तरी ताणते, आणि लाईन बारीक तेवढी लूर खोल जाते हे लक्षात ठेव, जाड लाईन पाण्यात ओढ घेते नि लूर वर ठेवते. मग गळ बघ. लूर दगड लाकडावर आपटून आपटून काटे बोथट होतात, नखावर ओढून बघ, ओरखडा उठला नाही तर बदल. मी एक सीझन असाच रडलो, शेवटी कळलं की माझे ट्रेबल सहा महिने बदललेच नव्हते. मग रॉडचं बघ.

आणि हो, ग्लासबद्दल सगळे भजन गातात पण पूर्ण फायबरग्लासचा रॉड जड असतो, चार तास टाकलास की मनगट बोलतं. कॉम्पोझिट, म्हणजे ग्लास आणि ग्रॅफाइट मिसळलेला, हा मधला मार्ग. ग्रॅफाइट रॉड १९७०च्या दशकात आले, त्याआधी सगळ्यांच्या हातात ग्लासच होता. टेनेसीतल्या ओक रिजचा फ्रेड यंग बाल्साचं लाकूड कोरून बिग ओ बनवायचा, त्यानेच क्रँकबेटचं वेड लावलं, तेव्हा कोणी एवढा विचार करत नसणार, जो रॉड होता तो आपसूकच मऊ होता 😀

जुना_ह्यूस्टनकर
मावळ्या, लाईनचं पटलं, मी लिहायला विसरलो. पण काठावरून टाकणाऱ्या माणसाला ब्रेड पूर्ण काढ सांगणं जरा जडच आहे, त्याच्या समोर गवत असतं. ब्रेड ठेवायचीच असेल तर मग मऊ रॉड हवाच हवा.

खाडीवरला_दादू
अलिबागवरून. आमच्याकडे बास नाय, आम्ही खाडीत जिताडा गरवतो, मालवण गोव्याकडे त्यालाच चोणक म्हणतात. हार्ड लूर आणि तेच ट्रेबल, पण आम्हाला मऊ रॉड चालत नाय. लागल्या लागल्या जिताडा खारफुटीच्या मुळांत घुसतो, त्याला पहिल्या झटक्यात बाहेर खेचला नाय तर लाईन कापली समज. म्हणून आम्ही ट्रेबलच जाड लावतो, कंपनीचे येतात ते सरळ होतात. सांगायचा मुद्दा, रॉड बघताना मासा बघायचा तसा आजूबाजूचा कचरापण बघायचा. तुझ्या तळ्यात पाण्यात काय आहे?

प्लेनोचा_गळ
दादू भारी पॉइंट. टेक्सासमधली तळी जवळजवळ सगळी धरणांचीच, आपल्या पानशेतसारखी, पण इथे पाणी भरताना झाडं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवलेली. लुईसव्हिलला मी टाकतो तिथे दगडांचा बांध आणि थोडं लाकूड, गवत कमी. फोर्कला मात्र बुंधेच बुंधे, आणि काही भागात गवत.

मिशिगनचा_मावळा
दगड आणि लाकूड असेल तर स्क्वेअरबिलला तेच पाहिजे. मुद्दाम आपटवायची, चौकोनी ओठामुळे ती उसळून बाजूला होते आणि तिथेच हिट येते. अडकली असं वाटलं तर ओढू नकोस, एक सेकंद ढील दे, तरंगून आपोआप सुटते. गवतात मात्र सगळं फिरतं. फेब्रुवारी मार्चला टेक्सासवाले लाल रंगाची ओठ नसलेली लूर गवतातून फाडत काढतात, त्याला मऊ रॉड घेतलास तर गवतच तुला ओढेल. त्यासाठी तुझा सध्याचा रॉड ठेव, विकू नकोस.

जुना_ह्यूस्टनकर
दुकानात जाशील तेव्हा लेबलवर विश्वास ठेवू नकोस, एका कंपनीचा मॉडरेट म्हणजे दुसरीचा मॉडरेट फास्ट. रॉड हातात घे, टोक गालिचावर हलकेच टेकव नि दाब, वाक कुठपर्यंत येतो बघ. टोक हाताने धरून वाकवू नकोस, तसे दोन रॉड मोडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, एक माझाच. रिळाचं गियर, म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूल किती फिरतो, ते किती आहे?

प्लेनोचा_गळ
७.३ ला १.

जुना_ह्यूस्टनकर
जरा जोरात आहे. उथळ स्क्वेअरबिलला चालेल, हात हळू ठेव. खोल जाणाऱ्या लूर एवढ्या ओढ घेतात की ७ च्या रिळाने संध्याकाळपर्यंत खांदा जाईल, तेव्हा ५ किंवा ६ वालं घे. आत्ता नाही.

प्लेनोचा_गळ
अपडेट देतो. आधी मावळ्याचं ऐकलं, फ्लुरो भरली आणि ट्रेबल बदलले, जुनाच रॉड. गेल्या शनिवारी चार लागले, दोन काठावर. बरं वाटलं पण पूर्ण नाही. मग दुकानात जाऊन पाऊण तास गालिचावर रॉड टेकवत बसलो, तो पोरगा माझ्याकडे विचित्र बघत होता. शेवटी ७ फुटी कॉम्पोझिट मीडियम मॉडरेट घेतला, ११० डॉलर. आज सकाळी त्याच बांधावर सहा लागले, पाच हातात, जो गेला तो माझ्याच चुकीने, सवयीने झटका मारला. पहिल्या दोन तासांत रॉड एवढा लुळा वाटत होता की चुकून दुसऱ्याच कशाचा उचलून आणला की काय असं झालं, आणि लूर नेमकी टाकता येईना, दोनदा झाडात. दुपारनंतर हात बसला. आई सोबत होती, मोठा बास पाण्यात सोडला तेव्हा म्हणाली, एक तरी ठेवायचास, रवा आणि हळद घरात आहे.

खाडीवरला_दादू
आईंना अलिबागला पाठव. जिताडा सोडत नाय आम्ही.

मिशिगनचा_मावळा
अभिनंदन! स्प्लिट रिंगचा, म्हणजे ट्रेबल अडकवायची कडी उघडायचा प्लायर घेतलास का? नाहीतर पुढच्या वेळी ट्रेबल बदलताना तोच तुझ्या बोटात घुसणार, मला टाके पडलेत.