मदत हवी आहे: आईला निवतीच्या पुळणीवर न्यायचंय

नमस्कार मंडळी. सोयाबीनची रास झाली की दिवाळीनंतर लातूरहून निवतीला जायचं ठरतंय. वेंगुर्ले तालुक्यातली, खडकांच्या कुशीतली ती छोटी पुळण, वर निवतीचा किल्ला. आईनं आजवर मोठं पाणी पाहिलंय ते मांजरा धरणाचंच. तिला समुद्र दाखवायचाय, पण गर्दीच्या चौपाटीवर नाही.

अडचण तिच्या गुडघ्यांची. गाडी वाळूच्या किती जवळ जाते? शेवटची वाट पायऱ्यांची आहे की कातळाची? काठी टेकत ती उतरू शकेल का? किल्ल्यावर तिला नेणारच नाही.

दुसरं म्हणजे भरती. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणून अष्टमीच्या आसपासचे दिवस धरतोय. पण भरतीला तिथं बसायला वाळू कितपत उरते? खडकांच्या कडेनं पलीकडं गेलेल्यांची परतीची वाट पाण्यात जाते का? पोरं खडकांवर चढल्याशिवाय राहणार नाहीत, आणि शेवाळलेल्या कातळाची मला फार धास्ती वाटते.

रस्ता तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर. पुढं फोंडा घाट बरा की आंबोली? आईला वळणांनी मळमळतं. मुक्काम गावातच, घरगुती हवाय. आई माळकरी आहे, त्यामुळं शाकाहारी जेवणाची सोय होते का तेही सांगा.

घरातल्या वयस्कर माणसांना तिथं घेऊन गेलेल्यांनी तर जरूर लिहा.