"द पेशंट हू केम, ही इज…" हा 'ही' माझ्या वाक्यात येतो कुठून?

रात्रपाळी_मिरज

नमस्कार. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. अकरा वर्षं झाली, त्यातली सहा मेडिसिन वॉर्डात. सध्या ओईटीची, म्हणजे परदेशात काम करू इच्छिणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतेय. ऐकणं, वाचणं, बोलणं जमेल असं वाटतं, पण लिहिण्यात अडकते. पेपरात एका पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून पत्र लिहायचं असतं. एकूण ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायला. पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं.

आतापर्यंत १४ पत्रं लिहून तपासून घेतली. प्रत्येक पत्रात लाल रेघ एकाच जातीच्या वाक्याखाली येते, माणसाची ओळख करून देणाऱ्या वाक्याखाली. माझ्या वहीतलीच चार देते:

"द पेशंट हू इज इन बेड फोर, ही इज डायबेटिक."

"द पेशंट केम लास्ट नाइट हॅज फीवर."

"शी हॅज अ डॉटर हू हर हजबंड वर्क्स इन द गल्फ."

"मिसेस एक्स, हू आर सेव्हन्टी इयर्स ओल्ड…"

क्लासमध्ये विचारलं तर "पहिल्यात ही काढा, दुसऱ्यात हू घाला" एवढंच सांगितलं. एकीकडे काढायचं, दुसरीकडे घालायचं, असं का? नियम मी पाठ करीन हो, पण रात्री तीन वाजता ड्यूटीवरून डोळे चुरचुरत असताना पाठ केलेलं आठवत नाही. लिहिताना माझ्या डोक्यात नेमकं काय होतं ते मला समजून घ्यायचंय. पत्र ज्याच्या हातात पडणार त्याने माझा पेशंट पाहिलेला नसतो. माझ्या वाक्यावरूनच तो त्याला ओळखणार. म्हणून हे मनाला लागतं.

निवृत्त_शिक्षक

सिस्टर, तुमची चारही वाक्यं मराठी म्हणून अगदी शुद्ध आहेत. घोटाळा तिथेच आहे. मी ३१ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं आणि याच चुका दर वर्षी तपासल्या. चुकणारी मुलं मठ्ठ नव्हती. त्यांचं मराठी पक्कं होतं.

पहिलं वाक्य मराठीत म्हणून पाहा. "चार नंबरच्या बेडवर जो पेशंट आहे, तो डायबेटिक आहे." आपल्याकडे जो आला की तो यायलाच हवा. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. यातला दुसरा तुकडा काढला तर वाक्य लंगडं होतं. शाळेत आपण संबंधी सर्वनाम आणि दर्शक सर्वनाम म्हणून शिकलो ती हीच जोडी. इंग्रजीत अशी जोडी लागत नाही. तिथे 'द पेशंट' आधीच येऊन कर्त्याच्या जागी बसलेला असतो. 'हू' फक्त त्याची ओळख सांगतो आणि बाजूला होतो. तुम्ही पुढे 'ही' लिहिता तेव्हा एकाच जागेवर दोन कर्ते बसतात.

आता दुसरं. इथे तुमच्या मनात जो-तो नव्हताच, "काल रात्री आलेला पेशंट" होतं. 'आलेला' हे धातुसाधित विशेषण. जोडणारा शब्द त्याच्या पोटातच आहे, म्हणून 'हू' घालायचं तुम्हाला सुचत नाही. म्हणजे मराठीत माणसाचं वर्णन करायच्या दोन वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेने वेगळी चूक येते. जो-तो च्या वाटेने गेलात तर 'ही' जास्त होतो. आलेला-बसलेला-राहणारा या वाटेने गेलात तर 'हू' गळतो. लाल रेघ दिसली की आपण कोणत्या वाटेने आलो एवढं स्वतःला विचारा.

एक फसवी गोष्ट आहे. "द पेशंट ॲडमिटेड लास्ट नाइट हॅज फीवर" हे बरोबर आहे, "द पेशंट केम लास्ट नाइट" मात्र चूक. 'ॲडमिटेड' म्हणजे इथे 'दाखल केला गेलेला'. ते रूप विशेषणासारखं वागू शकतं. 'केम' हे नुसतं भूतकाळाचं क्रियापद, त्याला 'हू' चा हात धरावाच लागतो. आणि "द पेशंट आय सॉ लास्ट नाइट" यात 'हू' नसलं तरी चालतं, कारण नामाच्या पाठोपाठ दुसरा कर्ता, 'आय', आलाय. सरळ क्रियापदच आलं तर 'हू' गाळू नका.

तिसऱ्यात 'हूज' हवं. आपण जिचा नवरा, जिची मुलगी, जिचं घर, ज्यांच्या सुना असं दर वेळी रूप बदलतो. इंग्रजीत नवरा असो की सुना, 'हूज' तेच राहतं. 'हू हर' लिहिताना तुम्ही 'जिचा' या एका शब्दाचे दोन तुकडे केलेत. स्पेलिंगकडेही लक्ष द्या, शेवटी एस आणि ई. एसच्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण देऊन लिहितात ते 'हू इज' चं आखूड रूप आहे.

चौथ्यात आदर आडवा आला. सत्तरीच्या बाईंना तुम्ही एकेरी कशा बोलणार? म्हणून 'आर' झालं. इंग्रजी क्रियापदाला हा आदर दाखवता येत नाही. एक व्यक्ती असेल तर 'हू इज'.

लेस्टरहून

अगं ताई, मीही नर्सच. सांगलीत शिकले, इथे इंग्लंडात वॉर्डात सात वर्षं झाली. सरांनी मूळ सांगितलंच आहे, मी स्वल्पविरामाचं सांगते. त्याने मला चांगलंच शिकवलं.

पहिल्याच वर्षी एका आजोबांच्या नोंदीत मी लिहिलं, "हिज सन हू लिव्हज इन लंडन शुड बी कॉन्टॅक्टेड." दुसऱ्या पाळीच्या नर्सने मला शोधून विचारलं, "आणि दुसरा मुलगा कुठे असतो?" दुसरा मुलगा नव्हताच. स्वल्पविराम नसला की वाचणारा समजतो, मुलगे बरेच आहेत आणि त्यातला लंडनवाला हवाय. 'सन' नंतर आणि 'लंडन' नंतर असे दोन स्वल्पविराम दिले की अर्थ होतो, मुलगा एकच आणि तो लंडनला राहतो. मराठीत "लंडनला राहणारा त्यांचा मुलगा" म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात, म्हणून आपल्या कानाला हा फरक टोचत नाही. डिस्चार्जच्या पत्रात त्यावरून चुकीच्या माणसाला फोन जाऊ शकतो. नावानंतर तर स्वल्पविराम हवेतच, कारण मिसेस एक्स एकच आहेत.

'हूम' ची काळजी करू नकोस. इथे हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, तो मी क्वचितच ऐकते. "द डॉक्टर आय स्पोक टू" असंच म्हणतात. फक्त तो शेवटचा 'टू' विसरू नकोस. आपण "ज्या डॉक्टरांशी मी बोलले" म्हणतो, आपला 'शी' डॉक्टरांना चिकटतो. त्यांचा 'टू' मागे क्रियापदापाशीच राहतो.

आणि एक मनापासून. "ही इज डायबेटिक" मधला 'ही' काढशील तेव्हा 'डायबेटिक' सुद्धा काढ. २०१८ साली एनएचएस इंग्लंडने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, मधुमेहाबद्दल बोलताना भाषा कशी असावी याचं मार्गदर्शन काढलं. माणसाला आजाराचं नाव देऊ नये, त्याला तो आजार आहे असं म्हणावं, हा त्याचा गाभा. "मिस्टर एक्स, हू हॅज टाइप टू डायबेटीस" असं लिही. तुझं 'हू' इथे खरंच माणसाच्या बाजूने उभं राहतं. आधी माणूस येतो, आजार त्याच्या मागून.

नगरकर

मध्येच विचारतो. माणसांसाठी 'विच' कधीच चालत नाही का? माझी आजी रोज संध्याकाळी इंग्रजीतून प्रभूची प्रार्थना म्हणायची. तिची सुरुवात "अवर फादर विच आर्ट इन हेवन" अशी होती. माझ्या कानात तेच बसलंय.

निवृत्त_शिक्षक

आजी बरोबरच म्हणत होत्या. १६११ च्या इंग्रजी बायबलात तसंच आहे. तेव्हा 'विच' माणसांनाही लागत असे. पुढे माणसांसाठी 'हू' पक्का झाला आणि 'विच' वस्तूंकडे गेला. आपला 'जो' माणूस आणि वस्तू यांत भेद करत नाही. जो डॉक्टर, जो पंखा, दोन्ही चालतं, म्हणून मुलं सर्रास "द डॉक्टर विच" लिहितात. आजच्या पत्रात माणसाला 'विच' नको.

रात्रपाळी_मिरज

सर, ताई, काय बोलू. दोन वाटांचं वाचल्यावर वही उघडली आणि १४ पत्रांतल्या चुका दोन रंगांनी खुणा करून वेगळ्या केल्या. जो-तो वाल्या १९ निघाल्या, आलेला वाल्या ७. म्हणजे माझा हात जो-तो च्या वाटेने जास्त जातो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि डायबेटिकचं वाचून थांबले. वॉर्डात आम्ही "सहा नंबरचं डायबेटिक फूट" असंच म्हणतो. ते तर मराठीतही बदलायला हवं. सहा नंबरचे काका बार्शीहून आलेत, ज्वारीची भाकरी मिळेल का म्हणून रोज विचारतात.

ड्यूटीला जायच्या आधी एक वाक्य लिहिलंय:

"मिसेस एक्स, हू इज सेव्हन्टी अँड लिव्हज अलोन, हॅज अ डॉटर हूज हजबंड वर्क्स इन द गल्फ."

'डॉटर' नंतर स्वल्पविराम दिलेला नाही. हवा होता का?

निवृत्त_शिक्षक

नको. 'अ डॉटर' आहे, कोणती मुलगी ते अजून सांगायचंच होतं. तुम्ही ते लगेच सांगितलंत. 'माय डॉटर' असतं आणि मुलगी एकच असती तर दिला असता. पूर्ण वाक्य बरोबर आहे, सिस्टर.