कोवळं ऊन, कडक ऊन आणि गोळी

ड जीवनसत्त्व कमी आलं की हल्ली थेट गोळी सुरू होते, 'उन्हात बसा' असं क्वचितच कुणी सांगतं. मला हे खटकतं. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की तिथेच ड३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) बनायला लागतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. शिवाय उन्हाने ड चा अतिरेक होत नाही, कारण जास्तीचं पूर्व-ड३, म्हणजे ड३ व्हायच्या आधीचं रूप, त्याच उन्हात निष्क्रिय होतं. गोळ्यांचा अतिरेक मात्र रक्तातलं कॅल्शियम वाढवतो. रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात बसायला काय हरकत आहे?

प्रतिसाद १
थोडा म्हणजे किती, तेच तर सांगता येत नाही! गोऱ्या कातडीला जी मिनिटं पुरतात ती सावळ्या कातडीला पुरत नाहीत. आणि ड बनवणारे किरणच पेशींचा डीएनए बिघडवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच सूर्यकिरणांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग घडवणाऱ्यांत, टाकलंय. गोळीत हा धोका नाही.

प्रतिसाद २
दोघांचंही पटतं, पण एक गैरसमज आधी दूर करू. सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जवळजवळ बनत नाही. सूर्य खाली असला की अतिनील-ब वातावरणातच अडतं. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हाकडून ड ची फार आशा नको. बंद खिडकीच्या काचेआडून तर नकोच. माझ्या आईने कितीतरी वर्षं काचेआड बसून 'ऊन घेतलं', म्हणून हे पोटतिडकीने लिहितेय.

धागालेखक
@प्रतिसाद २, हे मलाही माहीत नव्हतं. तरी कोवळं ऊन वाया जात नाही. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, रात्री झोप वेळेवर लागते. बाहेर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचं प्रमाणही कमी दिसतं. हे गोळीत कुठून येणार? २०१९ साली छापून आलेल्या 'व्हायटल' या अमेरिकेतल्या वैद्यकीय चाचणीत २५ हजारांवर लोक होते. ड च्या गोळ्यांनी ना कर्करोगाचं प्रमाण घटलं, ना हृदयविकाराचं.

प्रतिसाद १
त्यातल्या बहुतेकांचं ड आधीच पुरेसं होतं, हेही सांगा ना. ज्यांचं खरंच कमी आहे त्यांना गोळीचा उपयोग होतो. उजेडाचा मुद्दा मान्य, पण उजेड सावलीतही मिळतो. त्यासाठी कातडी भाजायची गरज नाही.

धागालेखक
भाजायची तर मुळीच नाही. कातडी लाल व्हायच्या बरंच आधी उठायचं, हे मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं.