कुठल्या पानावर थांबलात?

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी हा धागा काढतेय. बालसाहित्यिकांची चित्रचरित्रं म्हणजे पानभर चित्रं, खाली चार ओळी, अर्ध्या तासात संपणारं काम. आमच्याकडे मात्र एकही एका बैठकीत संपलेलं नाही. कुठल्यातरी पानावर गाडी अडतेच. तुमची कुठे अडली ते लिहा. उपक्रमांच्या याद्या नकोत, प्रसंग सांगा.

सुरुवात माझ्यापासून. सात वर्षांची लेक आणि मी बीट्रिक्स पॉटरचं चरित्र वाचत होतो. पीटर नावाच्या सशाची गोष्ट लिहिणारी तीच. सुरुवातीलाच ती शाळेत न जाता घरी बाईंकडे शिकते, खोलीत ससे, उंदीर, सरडे पाळते असं चित्र होतं. लेक हरखलीच. "आई, ही आपल्यातली!" मीही खूश. पान उलटलं तर धाकटा भाऊ ट्रंक घेऊन निवासी शाळेला निघालेला. "तो का चाललाय?" तेव्हा तसल्या श्रीमंत घरांत मुलगे शाळेत जायचे आणि मुली बहुतेक घरी शिकायच्या, असं मी सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिला कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. आणि खरं सांगायचं तर मीही हिला विचारलं नव्हतं; ती तीन वर्षांची असताना आम्ही दोघांनीच ठरवून टाकलं होतं. मोठेपणी पॉटरबाईंनी शाळेत न घातल्याबद्दल समाधानच व्यक्त केलं होतं, हे मी घाईघाईने पुढे केलं. तिने ऐकून घेतलं, एवढंच. पुस्तक त्या दिवशी तिथेच मिटलं.

नऊ वर्षांच्या मुलाचा बाबा

आमच्याकडेही पॉटरच, पण आम्ही अडलो पत्रावर. १८९३ साली तिने एका आजारी, पाच वर्षांच्या मुलाला पत्र लिहायला घेतलं, काय लिहावं सुचेना, म्हणून चार सशांची गोष्टच चित्रांसकट पाठवली. पुढे तिचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा ते पत्र त्या मुलाकडून परत मागून घ्यावं लागलं. त्याने जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं! प्रकाशकांनी नकार दिल्यावर १९०१ च्या डिसेंबरात तिने पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या, आणि १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली.

आमचे चिरंजीव लिहायचं म्हटलं की पोट दुखणाऱ्यांपैकी. त्यांनी मामेभावाला चार पानी सचित्र पत्र लिहिलं. मग स्वतःच्या गोष्टीच्या २५० प्रती काढायचा बेत ठरला. हाताने. तीन झाल्यावर "आता किती उरल्या?" असं विचारलं, तर २४७ हे उत्तर कागदाशिवाय आलं आणि पेन्सिल खाली ठेवली गेली. पुढच्या आठवड्यात पोटदुखी परत सुरू. चमत्कार झाला असं कुणाला वाटू नये म्हणून हेही लिहिलं.

जुळ्यांची आई (वय चार)

आम्ही कुठेच अडलो नाही. दोघं प्रत्येक पानावर उंदीर शोधतात. ज्या पानावर उंदीर नाही ते पान वाचायचं नाही. चरित्र चार मिनिटांत संपतं.

आठ वर्षांच्या मुलीची आई

आमच्या पुस्तकात एका पानावर बीट्रिक्सचं लग्न ठरतं. तिची पुस्तकं बघणारा, प्रकाशकांच्या घरातला नॉर्मन वॉर्न अंगठी देतोय. पुढच्या पानावर ती एकटीच डोंगराळ भागातल्या शेताकडे बघत उभी. लेकीने पान मागे घेतलं, पुढे घेतलं, कडेने नख लावून बघितलं. "आई, पान चिकटलंय का गं?"

पान चिकटलं नव्हतं. १९०५ च्या उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि महिन्याभरातच नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. 'धंद्यातला माणूस' म्हणून तिच्या आईवडिलांना तो पसंत नव्हता, त्यामुळे तिला धड उघड दुःखही करता आलं नसावं. त्याच वर्षी तिने हिल टॉप हे शेत घेतलं. एवढं सगळं दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेलेलं. मी सांगितलं. सांगायला नको होतं असं आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत पडलं. लेकीने काय केलं? एका कोऱ्या कागदावर रिकामी खुर्ची काढली आणि तो कागद त्या दोन पानांत घालून ठेवला. आता वाचताना तिथे थांबायचं असा नियम आहे.

दोन मुलांचा बाबा, उशिरा लिहितोय

आमचं चरित्र वेगळं, खोडकर माकडाच्या, 'क्युरियस जॉर्ज'च्या कर्त्यांचं. हान्स आणि मार्ग्रेट रे हे जर्मन ज्यू जोडपं १९४० च्या जूनमध्ये, जर्मन सैन्य शिरायच्या जेमतेम आधी, पॅरिसमधून सायकलींवर निसटलं. सायकली हान्सने सुट्या भागांतून जुळवलेल्या, सामानात माकडाच्या गोष्टीचं हस्तलिखित. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, ब्राझील आणि मग न्यूयॉर्क. भूगोलाचे दोन दिवस सहज निघाले. थोरल्याने "पण ते का पळत होते?" विचारलं तेव्हा मी अटलास मिटला, चहा टाकला आणि बायकोला हाक मारली. हे उत्तर आधी तयार ठेवा.

सायकल कशी जुळवतात हे बघायला आमची सायकल खोलली गेली. ती अजून गॅलरीत सुटीच आहे.

अकरा वर्षांच्या मुलीची आई

यादी नको म्हणालात ते बरं केलंत. मी प्रत्येक पुस्तकाला प्रश्नपत्रिका काढायचे. तिसऱ्या पुस्तकाला लेक म्हणाली, "आई, तू परत शाळा काढलीस." तेव्हापासून जुन्या काळच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनबाईंचं ऐकते: एकदाच वाचायचं आणि मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं. मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

तर पॉटरच्या रोजनिशीचं पान. साधारण पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत ती स्वतःच्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहायची. पॉटर गेली १९४३ मध्ये. लेस्ली लिंडर नावाचे तिचे एक चाहते कित्येक वर्षं त्या पानांशी झटले. १९५८ मध्ये त्यांना एका पानावर 'सोळावा' हा रोमन आकडा आणि १७९३ हे साल दिसलं. म्हणजे फ्रान्सच्या राजाला, सोळाव्या लुईला मृत्युदंड! तिथून कुलूप उघडलं. सनावळ्या कशाला पाठ करायच्या, या आमच्या जुन्या वादात मला आयता पुरावा मिळाला, म्हणून मी भलतीच खुशीत होते.

लेक मात्र खुशीत नव्हती. "तिने लपवून लिहिलं होतं ना? मग त्यांनी का वाचलं?" ती केव्हाच गेली होती, अभ्यासकांना उपयोग झाला, असं मी बरंच काही बोलले. ती उठून गेली.

गेले तीन आठवडे ती एका वहीत त्रिकोण, टिंबं आणि उलटी अक्षरं लिहितेय. वही माझ्याच टेबलावर, उघड्यावर ठेवते. परवा एका ओळीत एकच खूण चार वेळा दिसली आणि माझी नजर तिथे रेंगाळली. 'आ' असावा. वही मिटून ठेवली. अजून तरी.