उसने दिलेले पैसे परत मागितले, तर क्षमा केली नाही असे होते का?

प्रश्न: मूळचा नगर जिल्ह्यातील, सध्या पुणे

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्याच्या गेल्या वर्षी जून महिन्यात माझ्या धाकट्या मावसभावाने जुना पिकअप टेम्पो घेण्यासाठी माझ्याकडून 1,80,000 रुपये उसने घेतले. मी पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून मी ही रक्कम दिली, कारण आम्ही दोघे आजोळी एका ताटात जेवून मोठे झालो आहोत आणि त्या वेळी कागद करण्याची भाषा काढणे मला कसेसेच वाटले. पैसे बँकेतून त्याच्या खात्यावर गेले, एवढाच काय तो पुरावा. दरमहा 10,000 रुपये द्यावयाचे ठरले होते. तीन हप्ते आले, नंतर कारणे येऊ लागली आणि पुढे पुढे कारणेही येईनाशी झाली. आज माझे 1,50,000 रुपये त्याच्याकडे आहेत.

दिवाळीनंतर गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण झाला. उपासना संपल्यावर नेहमीप्रमाणे अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. भोपळे, नारळ, बाजरीची कणसे झाली आणि एका गावरान कोंबड्यावर बोली चढत चढत 2,100 रुपयांवर गेली. ती बोली माझ्या मावसभावाची होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच रांगेत तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. ते पैसे देवाच्या कामासाठी जाणार हे मला समजत होते, तरीही त्यानंतर प्रभूची प्रार्थना म्हणताना, जिथे आपण ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असे म्हणतो, तिथे माझा आवाज बंद झाला. पापाची वा अपराधाची गोष्ट असती तर मी कदाचित म्हणून गेलो असतो. पण शब्दच ‘ऋण’ आहे आणि माझा ऋणी तीन खुर्च्या सोडून बसलेला होता.

पाळकसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘सोडून द्या, देव दुसऱ्या वाटेने देईल.’ पत्नीचे म्हणणे असे की, सोडायचे असतील तर खुशाल सोडा, फक्त ते मुलीला तुम्हीच सांगा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, आहे आणि मनात हे घेऊन मी मेजाजवळ जाऊ शकत नाही. माझा प्रश्न सरळ आहे. शुभवर्तमानातील क्षमेचा अर्थ पैसे सोडणे असा होतो का? आणि होत नसेल, तर मागावे कसे?

उत्तर 1: निवृत्त शिक्षिका, संगमनेर

भाऊ, सलाम. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय दासाच्या दाखल्यात आहे, असे मला वाटते: धन्याने ज्याचे दहा हजार तालांतांचे देणे सोडले, त्याच दासाने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याला, दुसऱ्या दासाला, सोडले नाही. मात्र तो दाखला आपण फार भरभर वाचतो. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात दिनाराच्या जागी रुपया घातलेला असल्यामुळे ‘शंभर रुपये’ वाचून आजच्या मुलांना हसू येते आणि दुसऱ्या दासाचे देणे अगदी किरकोळ होते, असा समज होतो. संडे स्कूलमध्ये मी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेत असे. विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे कळते. म्हणजे शंभर दिनार ही शंभर दिवसांची मजुरी झाली. रोज 500 रुपये धरले तर 50,000 रुपये होतात, आणि खुरपणीला जाणाऱ्या बाईला विचारा की ही रक्कम किरकोळ आहे का. पहिल्या दासाचे देणे दहा हजार तालांत होते. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा धरला, तर ते सहा कोटी दिवसांची मजुरी होते, आणि वर्षाचे तीनशे दिवस राबले तरी ते फेडायला दोन लाख वर्षे लागतील.

प्रभूने दुसरे देणे खोटे किंवा क्षुल्लक ठरवलेले नाही, हे ध्यानात घ्या. तुमचे येणे याच हिशेबाने तीनशे दिनारांचे आहे. बेथानीत प्रभूवर ओतलेल्या सुगंधी तेलाची किंमतही तेवढीच सांगितली गेली होती आणि ती ऐकून तिथे बसलेल्यांनी कुरकुर केली होती, तेव्हा ही रक्कम त्या काळीही मोठीच होती.

मग त्या दासाचे चुकले कुठे? त्याने येणे मागितले, एवढ्यावर दाखला थांबत नाही. त्याने सोबत्याला धरले आणि त्याचा गळा आवळला. ‘मला वागवून घे, मी फेडीन’ हे सोबत्याचे शब्द काही क्षणांपूर्वी तो स्वतः धन्यापुढे बोलला होता, तरी ते त्याला ओळखू आले नाहीत. आणि शेवटी त्याने त्याला तुरुंगात टाकले, जिथे बसून कोणीही कमाई करू शकत नाही. म्हणून मी तुम्हाला उलट विचारते, आणि मोठी बहीण म्हणून विचारते आहे, राग मानू नका. या दीड-दोन वर्षांत तुम्ही कुठे गळा आवळला आहे का?

उत्तर 2: एक वाचक, सोलापूर

बाईंचा हिशेब सुंदर आहे, पण हिशेबात गुंतून आपण मूळ शिकवणीला वळसा घालत आहोत, असे मला वाटते. लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू स्पष्ट सांगतो की, ज्यांच्याकडून परत मिळण्याची आशा आहे त्यांनाच उसने दिले, तर त्यात विशेष ते काय, पापी लोकही तसे करतात. तुम्ही मात्र परतफेडीची आशा न धरता द्या. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलानेही विचारले आहे की, भावाला न्यायालयात खेचण्यापेक्षा तुम्ही अन्याय सोसून का घेत नाही? पाळकसाहेबांचे म्हणणे ऐकायला कडू असले, तरी बरोबर आहे. सोडून द्या आणि मोकळे व्हा.

उत्तर 3: वसईहून, कॅथलिक

सोलापूरच्या बंधूंनी दिलेले वचन खोडता येत नाही, खोडूही नये. ज्याला शक्य आहे त्याने सारी रक्कम सोडली, तर ती देणगी होते आणि तिचे मोल मोठे आहे. पण ती देणगी प्रश्नकर्त्यांनी स्वतःच्या खिशातून द्यावी. इथे ती मुलीच्या शिक्षणातून दिली जाणार आहे, आणि घरातल्या दोन माणसांच्या संमतीशिवाय तिला औदार्य म्हणणे मला अवघड वाटते.

माझा मुद्दा वेगळा आहे. ‘वेदीजवळ अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर’ हे वचन आपण सगळे तोंडपाठ म्हणतो, परंतु ते कोणाला उद्देशून आहे हे पाहत नाही. तिथे असे म्हटले आहे की, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे अशी तुला आठवण झाली तर. म्हणजे वेदीवरून उठून जाण्याची पहिली जबाबदारी देणेकऱ्याची आहे. खरे पाहता कोंबड्याची बोली लावण्याआधी तुमच्या मावसभावाने तीन खुर्च्या ओलांडून तुमच्याकडे यायला हवे होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी मार्कच्या अकराव्या अध्यायात दुसरे वचन आहे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असल्यास क्षमा करा. ती क्षमा जागच्या जागी, प्रार्थनेतच करायची आहे, समोरचा येण्याची वाट न पाहता. मात्र मत्तय अठरामध्ये याच माणसाला आणखी एक काम सांगितले आहे, आणि ते पुष्कळांना गैरसोयीचे वाटते: भावाकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. क्षमा केली असेल तर दाखवायचे कशाला, असा प्रश्न इथे पडत नाही, कारण क्षमा ही माझ्या मनातील रागाची गोष्ट आहे आणि दाखवणे ही भावाच्या भल्याची.

जक्कय या श्रीमंत जकातदाराचे उदाहरण घ्या. प्रभू त्याच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयाने उभे राहून सांगितले की, कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. प्रभूने त्याला ‘राहू दे, क्षमा झाली आहे’ असे म्हटले नाही; त्या बोलण्यावरच ‘आज या घराला तारण प्राप्त झाले’ असे म्हटले. आमच्याकडे पापनिवेदनातही धर्मगुरू हेच शिकवतात की, दुसऱ्याचे घेतलेले ठेवून घेतले तर पश्चात्ताप पुरा होत नाही. सगळे सोडून दिल्याने कदाचित तुमचे मन हलके होईल. तुमच्या मावसभावाला मात्र जन्मभर तुमच्यासमोर मान खाली घालून बसावे लागेल किंवा रांग बदलावी लागेल.

उत्तर 4: वकील, नाशिक

पौलाचे वचन निघाले म्हणून लिहितो, कारण माझ्या व्यवसायामुळे ते मला वारंवार ऐकवले जाते. त्याच उताऱ्यात पौल असेही विचारतो की, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यामध्ये नाही का? म्हणजे निवाडाच नको, असे तो म्हणत नाही. निवाडा घरात व्हावा, असे म्हणतो. आणि वेळ आली तेव्हा त्याने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. तेव्हा आधी तुम्ही दोघे, मग दोन साक्षीदार, मग मंडळीचे पंच, हा प्रभूने घालून दिलेला क्रम पाळा. न्यायालयाचे नाव आज काढू नका.

परंतु एक व्यावहारिक बाब सांगणे माझे कर्तव्य आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्यानुसार हातउसन्या रकमेच्या वसुलीचा दावा सामान्यतः रक्कम दिल्यापासून 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. तुमची मुदत अद्याप संपलेली नाही. ती संपण्यापूर्वी मावसभावाने स्वतःच्या सहीने देणे मान्य असल्याचे लिहून दिले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. कागद मागणे म्हणजे अविश्वास, असा आपल्याकडे समज आहे. तो कसा चुकीचा आहे हे पाहायचे असेल, तर फिलेमोनाला लिहिलेले पत्र काढा. तुझा दास अनेसिम याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, असे सांगून पौल पुढे लिहितो की, मी पौल हे स्वहस्ते लिहीत आहे, मी फेडीन. प्रेमाच्या पत्रात प्रेषिताने आपल्या हाताने लिहून दिलेली ती कर्जचिठ्ठीच आहे.

कागद केलाच तर त्यात हप्ता त्याला झेपेल एवढाच ठेवा. 10,000 झेपत नव्हते हे चौथ्या महिन्यातच दिसले होते. 3,000 ठरवले आणि ते खरोखर आले, तर पन्नास महिन्यांत व्यवहार पुरा होतो. व्याज मागू नका.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. संगमनेरच्या ताईंच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

होय, गळा आवळला होता. गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात मी आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे मावश्या, मामा, त्यांच्या सुना असे सर्व मिळून चाळीसच्या वर लोक आहेत, बँकेच्या पासबुकाच्या पानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘ज्यांना देण्याची लाज नाही त्यांनी घेण्याची तरी बाळगावी.’ नाव लिहिले नव्हते, पण सर्वांना कळले. त्याच दिवशी मावशीने गट सोडला. पहिल्या प्रश्नात मी हे लिहिले नाही, कारण मला ते आठवले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल.

परवा रात्री मी त्याच गटावर माफी मागितली. एकट्याला फोन करून मागणे सोपे होते, पण घाव चारचौघांत घातला होता. पैशांविषयी त्यात एक शब्दही लिहिला नाही. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. टेम्पो पाच आठवडे गॅरेजमध्ये उभा आहे, क्लच गेला आहे आणि दुरुस्तीचे पैसे जमलेले नाहीत, हे त्याने मला तेव्हा सांगितले. मी विचारले, ‘मग कोंबडा?’ तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘दादा, सगळे बघत होते, बोली निघून गेली तोंडातून. ते 2,100 पण अजून खजिनदाराला दिलेले नाहीत.’ मला हसू आवरले नाही. मग तोही हसला.

सोलापूरच्या बंधूंना एवढेच सांगतो की, पत्नीशी बोलून आम्ही 30,000 रुपये सोडायचे ठरवले आहे, बाकीचे नाही. राहिलेल्या 1,20,000 साठी, टेम्पो सुरू झाल्यापासून दरमहा 3,000, असा कागद मी तयार केला आहे आणि वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे खाली त्याच्या सहीसाठी जागा ठेवली आहे. शनिवारी सकाळच्या एसटीने एकटाच गावी जात आहे. मावशीने दुपारी जेवायला थांबायला सांगितले आहे. कोंबडा अजून जिवंत आहे, असे कळते.