पाय महिनोन्‌महिने दुखतोय? चोळायचं थांबवा, आधी नस तपासा

तापीकाठ, रावेर
गेल्या केळी कटाईत घड खांद्यावरून बांधापर्यंत वाहताना उजव्या मांडीमागे कळ धरली. जो तो म्हणे, शिरा आखडल्या. आठ महिने गरम तेल, शेक, वाकून पायाचे अंगठे धरणं चाललं. ताण दिला की दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखायचं.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं. पाठ पोक काढल्यासारखी, हनुवटी छातीला. मग गुडघा सरळ करायला लावला. मांडीमागे ठणका उठला. पाय तसाच धरून ताई म्हणाल्या, "आता फक्त मान वर करा." ठणका लगेच उतरला!

मांडीच्या स्नायूला मानेचं काय? पण नसेला (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) आहे. मज्जारज्जूपासून पायापर्यंत तिची सलग दोरी आहे; हनुवटी टेकवली की दोरी ताणते, मान उचलली की सैल पडते. चिडलेल्या नसेला ओढ बसू नये म्हणून भोवतालचा स्नायू आवळून धरतो, आणि आपण त्या राखणदारालाच बडवत बसतो. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली की सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) होतो हे अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या सर्जननी १९३४ सालीच मांडलं. आपण अजून तेलाच्या बाटलीवरच आहोत.

यार्डाजवळ, भुसावळ
भाऊ, तुम्हाला आराम पडला, बरं वाटलं. पण मला हे पटत नाही. आमच्याकडे आधीच ज्याला-त्याला "नस दबली" सांगतात. माझ्या वडिलांचा एमआरआय काढला, रिपोर्टात "गादी सरकली" आलं. त्या दोन शब्दांनी माणूस खचला. वर्षभर कमरेला पट्टा, वाकणं बंद, बाजारात जाणं बंद. दुखणं होतं तेवढंच, पण मांड्या वाळल्या.

पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. दुखणं काहीच नाही! मग रिपोर्टातली गादीच गुन्हेगार कशावरून? लोकांच्या डोक्यात अजून एक भीती घालू नका.

कापूसवेचणी, चोपडा
मी तापीकाठ दादांच्या बाजूने. वेचणीच्या दिवसांत माझा हात मनगटापासून वर कोपरापर्यंत दुखायचा. रात्री झोपेतून उठून हात झटकायचे, तेव्हा बरं वाटायचं. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर. करंगळीला मात्र काहीच नाही. दवाखान्यात सांगितलं, मनगटात नस दबतेय. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधू लागले. सहा आठवड्यांनी सलग झोप लागली. तोवर बाम चोळून चोळून कातडी सोलली होती.

पांझरा, धुळे
सगळंच नसेवर ढकलू नका. आमच्या सालदाराचा खांदा १६ लिटरच्या फवारणी पंपाने दुखायचा. पट्टे रुंद केले, पंप अर्धाच भरू लागला, दुखणं गेलं. आणि नसच असली तरी ती दबलेलीच असते असं कुठे आहे? शुगरमुळे, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळेही तळपाय जळतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ उतरू शकतं. रक्त तपासा.

तापीकाठ, रावेर
पांझरा भाऊ, रक्ताचं मान्य. पण श्रमाचं दुखणं विश्रांतीने उतरतं. खोकलं-शिंकलं की पायात करंट जातो, मुंग्या येतात, ते श्रमाचं नव्हे.

भुसावळच्या भाऊ, माझा एमआरआय काढलाच नाही. दोन मिनिटांत टेबलावर कळलं. आणि नस म्हटलं म्हणून मला कोणी खाटेवर झोपवलं नाही, उलट चालायला लावलं. ताण देणं बंद केलं. बसून गुडघा सरळ करताना मान वर, वाकवताना मान खाली, असं दुखायच्या आत दहा-दहा वेळा. घड आता दोघं मिळून उचलतो. पाऊल फरपटू लागलं, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

यार्डाजवळ, भुसावळ
"नस दबली" या शब्दावरचा माझा राग कायम आहे. पण चालायला लावलं हे वाचून बरं वाटलं. वडिलांना विचारलं, खोकल्यावर पायात काही जातं का? म्हणाले, "नाही रे, सकाळी कंबर तेवढी धरते." आज संध्याकाळी पट्टा काढून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत नेतो.